खोली बघायला इंदूआत्या

इंदूआत्या भाड्याची खोली बघायला गेल्या की उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या आणि आत शिरताच भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसायच्या. घरमालक गोंधळून म्हणायचा, "अहो बाई, बसलात काय? खोली बघा की." आत्या जागच्या हलायच्या नाहीत. "बघतेच की. खोलीत माणूस उभं ऱ्हातं व्हय? बसतं, निजतं. उभ्यानं सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात." मग थोडा वेळ त्या गप्प बसून राहायच्या. शेजारचा टीव्ही किती ऐकू येतो, मोरीचा वास येतो का, पाठीला भिंत गार लागते की ओली, दार उघडं ठेवलं तर जिन्यावरून जाणाऱ्याची नजर थेट अंथरुणावर पडते का, हे सगळं त्यांना त्या बसण्यातून कळायचं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते लातूरला. दहावीला मला बरे मार्क पडले होते आणि अकरावीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं होतं. माझे वडील जळकोटला हमरस्त्यावर शिलाईचं दुकान चालवतात. अख्ख्या आयुष्यात ते कधी भाड्यानं राहिले नव्हते. खोली कशी बघतात, मालकाशी काय बोलायचं, काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ते आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या इंदूआत्यांकडे गेले. आत्या काही माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. पण आमच्या भीमनगरात तरी त्या सगळ्यांच्याच आत्या होत्या. सरकारी दवाखान्यात त्यांनी नर्सची नोकरी केली, बदलीच्या गावोगाव राहिल्या आणि रिटायर होऊन जळकोटला परत आल्या. वडिलांनी विषय काढताच त्या म्हणाल्या, "मी येते की. तुम्ही दुकान बघा. तुम्ही आलात तर पहिल्याच खोलीला हो म्हणाल."

लातूरच्या त्या भागात प्रत्येक घरावर मजले चढलेले आणि प्रत्येक मजल्यावर मुलांच्या खोल्या. पहिल्याच घरातल्या मालकीणबाई आम्हाला पाटी वाचून दाखवावी तसं सांगत होत्या. याच खोलीत राहून अमकी डॉक्टर झाली, तमकीचा मुंबईला नंबर लागला. आत्या म्हणाल्या, "झाली असंल. पंखा कुठाय?" मालकीणबाईंनी टेबलफॅन दाखवला. एका मोठ्या खोलीला मध्ये प्लायवूड ठोकून दोन खोल्या केल्या होत्या. आत्या खाली बसल्या. मी उभीच. "अभ्यासाला एकदम शांतता बघा," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्याच वेळी प्लायवूडच्या पलीकडून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

आत्या उठल्या आणि मालकीणबाईंना न विचारता पलीकडे गेल्या. तिथं माझ्याच वयाची एक मुलगी पुस्तक मांडीवर घेऊन रडत बसली होती. चेहऱ्यावर, हातांवर डास चावल्याचे डाग. आत्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. अंगात ताप होता. "कुठली गं तू?" "येरमाळ्याची." "घरी सांगितलंस का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. मालकीणबाईंनी फोन काढून घेतला होता, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. आत्यांनी आपल्या फोनवरून तिच्या वडिलांना लावला आणि म्हणाल्या, "पोर आजारी हाय. घाबरू नका, पण आजच या."

संध्याकाळी तिचे वडील आले. उंच, काळेसावळे, डोक्याला टोपी. सगळे त्यांना बप्पा म्हणायचे, मग आम्हीही बप्पाच म्हणू लागलो. मुलीची अवस्था बघून ते तिच्याशेजारी खालीच बसले. आत्यांनी तिला दवाखान्यात नेऊन गोळ्या आणल्या होत्या. "शिस्टर, तुमचे लई उपकार झाले," ते म्हणाले. आत्या म्हणाल्या, "उपकार ऱ्हाऊ द्या. पोरीला मच्छरदाणी आणा." ती मुलगी म्हणजे प्रतीक्षा. माझी मैत्रीण झाली ती अशी, तापातच.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींसाठी आत्या पुन्हा घरं बघू लागल्या. आणि मग मला त्यांची दुसरी सवय कळली, आदल्या दिवशी मालकीणबाईंच्या बडबडीत ती राहून गेली होती. दार उघडलं की चपला काढायच्या आधीच त्या म्हणायच्या, "आम्ही बौद्ध. मी बी, ही पोर बी. चालत असंल तर आत येते." मी पंधरा वर्षांची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बप्पा जिन्यात खाली बघत उभे. एका घरच्या बाई म्हणाल्या, "अय्या, खोली कालच गेली हो," आणि त्यांच्या डोक्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी वाऱ्यानं हलत होती. आत्या म्हणाल्या, "बरं. मग पाटी काढून घ्या, लोकांच्या फेऱ्या वाचतील." आवाजात राग नव्हता. पुढच्या एका घरी म्हातारे गुरुजी आणि त्यांची बायको राहत होती. गुरुजी म्हणाले, "या की आत. बाहेर काय उभ्या?" तिथं आम्ही दोन वर्षं राहिलो.

परतीच्या बसमध्ये मी आत्यांना विचारलं, "कुणी विचारलं नसताना सांगायचं कशाला? आपलं आडनाव गायकवाड. सगळ्या जातीत असतं. कळलंच नसतं कुणाला."

"म्हणूनच," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. पहिली नेमणूक झाली तेव्हा त्या नुकत्या लग्न झालेल्या. नवरा जळकोटला शेतीत, या एकट्याच परगावी. एका भल्या घरी खोली मिळाली. आडनाव ऐकून घरच्यांनी त्यांना आपल्याच जातीतलं ठरवून टाकलं, यांनीही काही सांगितलं नाही. मालकीण यांना धाकट्या बहिणीसारखं वागवायची. सणाला ताट यायचं, तिची चिमुरडी यांच्या मांडीवर निजायची. एकदा आत्यांची आई भेटायला आली आणि दारातून आत येताना सवयीनं 'जय भीम' म्हणाली. बस्स. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून चिमुरडी येईनाशी झाली. नळाला पाणी येईना, मग मालकिणीकडून कळलं, पाइप आमचा आहे, तुमचा बंद केलाय. महिन्याभरात मालकिणीच्या दिराचं लग्न निघालं आणि खोली हवी म्हणून निरोप आला.

"खोली गेल्याचं न्हाय गं वाटलं," आत्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "खोल्या छप्पन मिळतात. ती पोर जिन्यातून माझ्याकडं बघायची अन् तिची आई तिला आत ओढायची, ते मला सोसलं न्हाय. तवापासून ठरवलं. आधी सांगायचं, मग आत जायचं. जीव लावल्यावर कळण्यापरीस जीव लावायच्या आधी कळलेलं बरं."

मला वाटतं, खोली या गोष्टीकडे त्या आमच्यासारख्या बघतच नव्हत्या. आम्हाला ती चार भिंतींची जागा वाटायची. त्यांना तिथं राहणारी, शेजारी असणारी, जिन्यात भेटणारी माणसं दिसायची. म्हणून त्यांचे सल्लेही तसेच. "मालकाला पाण्याचं इचारू नगंस, तो गंगा वाहती म्हणंल. खालच्या भाडेकरूला इचार." "खोली एकदा दुपारी बघायची अन् एकदा दिवेलागणीला. दुपारी ऊन कळतं, दिवेलागणीला माणसं कळतात." सोलापूर-धाराशिवला गेलं की त्या आधी पाण्याची पिंपं मोजायच्या. ज्या घरासमोर जास्त पिंपं, तिथं नळ कमी दिवस येतो. पुण्याच्या मुलांना सांगायच्या, करारनामा वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि रंग उडालेल्या भिंतींचे, फुटक्या नळाचे फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकाला पाठवायचे. "नायतर जाताना त्यो म्हणंल, हे भोक तुमीच पाडलं."

भीमनगरातलीच नव्हे, अख्ख्या जळकोटातली मुलं शिकायला, नोकरीला बाहेर पडू लागली तशी आत्यांना मागणी वाढली. मराठ्यांची, लिंगायतांची, मुसलमानांची मुलंही त्यांच्या ओसरीवर येऊन बसायची. "आत्या, बंगळुरूला चाललोय, काय बघू?" आत्या चहा ठेवायच्या. "बंगळूर म्या बघितलं न्हाय. पण तिकडं अनामत लई घेतात म्हणं. परत कधी देणार ते लिहून घे. अन् दोन शब्द कन्नड शिकून जा. 'नीर इदिया' म्हण, पाणी हाय का म्हणून. माणूस हसतं. हसलेलं माणूस खोटं कमी बोलतं."

आणि मग पुणं. इंजिनिअरिंग झाल्यावर प्रतीक्षाला आणि मला पुण्यात एकाच कंपनीत नोकरी लागली. बप्पा पिकअपमध्ये गाद्या, भांडी, धान्याची पोती घालून निघाले, वाकडी वाट करून जळकोटहून आत्यांना आणि मला घेतलं. एजंटानं एक फ्लॅट बघून ठेवला होता. तिसरा मजला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी कडुलिंब, कंपनी चालत जाण्याच्या अंतरावर. प्रतीक्षानं खिडकी उघडली आणि माझ्याकडे बघून हसली. आम्हा दोघींचं ठरलंच होतं. आत्या नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसल्या. मालक गृहस्थ निवृत्त, बोलायला गोड. पण ते थोडे उशिरा आले, आम्ही आधीच आत शिरलो होतो, त्यामुळे आत्यांचं ते दारातलं वाक्य राहून गेलं होतं.

मालकांनी प्रतीक्षाचं आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग माझं. "गायकवाड? वा! म्हणजे आपल्यातलेच की सगळे," ते बप्पांकडे बघून म्हणाले. बप्पांनी टोपी नीट केली. एजंट कागद काढू लागला.

मी आत्यांकडे पाहिलं. मला वाटलं, त्या बोलतील. त्या बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात 'बोल' असंही नव्हतं आणि 'बोलू नकोस' असंही नव्हतं. खिडकीतून कडुलिंबाची एक फांदी अगदी आत आली होती, हात लावता येईल इतकी. मला ते घर फार हवं होतं. मी म्हणाले, "काका, आम्ही बौद्ध आहोत. मी आणि आत्या."

"हो का? बरं, बरं," मालक म्हणाले. "माझं काहीच नाही हो त्यात." त्यांनी आम्हाला चहा विचारला. चहा आला, आम्ही प्यालो. कागदावर सही मात्र 'कमिटीशी बोलून' करायची ठरली. आम्ही खाली येऊन पिकअपपाशी थांबलो. तासाभरात एजंट आला. सोसायटीला फक्त फॅमिली हवी आहे म्हणाला. मग बप्पांना जरा बाजूला घेऊन, पण आम्हाला ऐकू येईल असं बोलला, "तुमच्या मुलीला चालेल. दुसरी पार्टनर मी बघून देतो."

बप्पा बराच वेळ चहाच्या टपरीशी उभे राहिले. मग आत्यांसमोर आले. "शिस्टर, पोरीला परवापासनं हापिस हाय. पिकअप उद्या परत द्यायचीय. ही खोली... घेऊ का आमी?" त्यांचा आवाज एवढा पडला होता की मला त्यांचाच कळवळा आला. वाईट मनानं विचारत नव्हते ते. मुलीची काळजी होती, आणि काय करावं ते खरोखरच कळत नव्हतं.

आत्या म्हणाल्या, "घ्या बप्पा. खोली चांगली हाय. कुठं ओल न्हाय, पाण्याला जोर हाय." टोमणा नव्हता तो. त्यांना टोमणा मारायचा असता तर त्यांनी चांगला सणसणीत मारला असता.

प्रतीक्षा आतापर्यंत पिकअपच्या फळीवर बसून होती. ती उठली. "बप्पा, मी तापानं फणफणले होते तेव्हा कुणी फोन केला होता तुम्हाला?" एवढंच म्हणाली आणि पिकअपमध्ये पुढं जाऊन बसली. बप्पांनी उतरवून ठेवलेलं ज्वारीचं पोतं उचललं आणि परत गाडीत टाकलं.

ती रात्र आम्ही आत्यांच्या मुलाकडे, मिलिंददादांकडे काढली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिरून एक जागा मिळाली. जुनी इमारत, खाली लोखंडी सामानाचं दुकान, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मालकीणबाई एकट्या राहायच्या आणि मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. आत्या दारातच बोलल्या. बाई म्हणाल्या, "बौद्ध? बरं. पाहुणे किती येतात?" आत्यांना हसू फुटलं. "लई येतात. मीच येत जाईन." त्या बाईंनाही हसू आलं.

सामान लावून झाल्यावर बप्पा आत्यांना म्हणाले, "शिस्टर, काल म्या तसं इचारायला नगं हुतं." आत्या म्हणाल्या, "इचारलं ते बरं केलं की. न इचारता घेतली असती, तर बोलले असते म्या." मग दोघंही पिकअपमध्ये शेजारी शेजारी बसून गेले. पुढं कित्येक वर्षं येरमाळ्याहून आत्यांकडे चैत्रात यात्रेचा प्रसाद आणि हिवाळ्यात हुरडा यायचा. आत्या देवाला जात नसत, पण प्रसादाचा पेढा आवडीनं खायच्या. "पेढा दुधाचा असतोय," त्या म्हणायच्या.

त्या दिवशी पुण्याहून निघताना मात्र त्या माझ्याशी एक वेगळंच बोलल्या. मला वाटत होतं, मी धीर केला, त्या शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "तू बोललीस ते मला बरं वाटलं न्हाय गं. बरं कसं वाटंल? मला वाटायचं, माझ्यापातूर बास हे. तुझ्या वक्ताला कुणाला सांगायची गरजच पडणार न्हाय." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, आणि मग पिकअपमध्ये चढून बसल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही. पण गाडी वळेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि तसं त्या एरवी कधीच करत नसत.

आत्या चुकायच्या नाहीत असं कुणी समजू नये. कंपनीनं मला हैदराबादला पाठवलं तेव्हा त्या हौसेनं बरोबर आल्या. जळकोटवरूनच हैदराबादच्या गाड्या जातात, आणि तिथली भाषा आपल्याला येते यावर त्यांचा भारी विश्वास. "क्यों अम्मा, पानी बराबर आता क्या?" असं त्या प्रत्येक गल्लीत विचारत सुटल्या आणि बायकाही त्यांना घरात बोलावून सरबत देऊ लागल्या. एक खोली त्यांना मनापासून आवडली. बसून झालं, दुपारची बघून झाली, दिवेलागणीची बघून झाली. "अशी शांतता जळकोटात बी न्हाय," म्हणाल्या. मी सामान टाकलं, आत्या जळकोटला परतल्या. सोमवारी सकाळी खालचं शटर उघडलं आणि आत लाकूड कापायचं मशीन सुरू झालं. आम्ही खोली बघितली तो रविवार होता. फोनवर मी नुसता आवाज ऐकवला. पलीकडे आत्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "नियम वाढला बघ," त्या म्हणाल्या, "रविवारी खोली बघायची न्हाय." कानात बोळे घालून मी ते वर्ष काढलं. पुढं कुणी त्यांच्या शहाणपणाचं कौतुक केलं की त्या स्वतःच हा किस्सा सांगायच्या.

रिटायर झाल्यावर आलेल्या पैशात त्यांनी आपल्या घराला लागून एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी बांधून घेतली होती. नवरा कधीच गेला होता, मुलगा पुण्यात. घराला सोबत हवी होती. जन्मभर भाड्यानं राहिलेली बाई आता मालकीण झाली. पहिल्यांदा एक शिक्षिका आल्या, तालुक्याच्या गावाहून बदलून आलेल्या. खोली त्यांना फार आवडली. ओटा उंच आहे म्हणाल्या, उजेड किती छान म्हणाल्या. मग चहा प्यायला आत्यांच्या बैठकीत आल्या आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो त्यांना दिसला. कप हातात तसाच राहिला. "मिस्टरांना विचारून सांगते," म्हणून त्या गेल्या.

आत्या पुढचे काही दिवस खोली झाडून ठेवत होत्या. मी सुट्टीला गेले होते. मी म्हटलं, "आत्या, त्या येत नाहीत आता." त्या म्हणाल्या, "म्हायती हाय. पण येतच असली तर? मिस्टरानं हो म्हटलं तर?" मग झाडू कोपऱ्यात ठेवून म्हणाल्या, "मला वाटलं हुतं, घर आपलं झालं की ह्यातनं सुटका. कसली सुटका! आता लोक आपल्या दारात येऊन आपल्यालाच न्हाय म्हणून जातात." आणि पुन्हा आपल्या आपणच हसल्या.

त्या खोलीत शेवटी आले ते तमिळनाडूचे. आमच्याकडच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्यात, त्यांची देखभाल करणारा एक तरुण आणि त्याची बायको सेल्वी. त्यानं हिंदीत बिचकत विचारलं, "अम्मा, नॉन-वेज चलेगा?" आत्या म्हणाल्या, "चलेगा. हमको भी देना." व्यवहार तिथंच संपला. सेल्वीला मराठीचा एक शब्द येत नव्हता. नवरा सकाळी माळावर गेला की ती दारात बसून रस्त्याकडे बघायची. आत्यांनी तिला मराठी शिकवायला घेतलं आणि ती शिकली ती आत्यांची मराठी. दोन-तीन महिन्यांत ती दूधवाल्याला "पाणी लई घातलंस व्हय रं?" असं ठणकावू लागली. पुढं तिला दिवस गेले तेव्हा आत्यांना पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं झालं. तिचं वजन, तिच्या गोळ्या, तिच्या पायावरची सूज, सगळं त्या बघायच्या. स्वतःच्या पायावरची सूज मात्र त्यांनी कुणाला दाखवली नाही.

ती सूज मिलिंददादांना दिसली तेव्हा बराच उशीर झाला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झाल्याचं सांगितलं. आत्या मला फोनवर म्हणाल्या, "काळीज मोठं झालंय म्हणतात. मी म्हटलं डॉक्टर, तुम्हाला उशिरा कळलं." मिलिंददादा त्यांना पुण्याला घेऊन गेले. तिथं त्यांचं सगळं व्यवस्थित होत होतं, पण पावसाळा संपायच्या आत त्या परत यायचं म्हणून हटून बसल्या. सुनेवर राग नव्हता, मुलावर नव्हता. "पोरीचं बाळंतपण आलंय, तिला इथलं कोण हाय?" एवढंच म्हणत राहिल्या.

सेल्वीला मुलगी झाली. आत्यांनी तिला पहिली आंघोळ घातली. पाय लांब करून, पोरीला पालथं टाकून, पाणी कोपरानं तपासून, अगदी आपल्या पद्धतीनं. त्यानंतर थंडीतल्या एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. सेल्वी ताक द्यायला आत गेली, तिला कळलं. तिनं मारलेली हाक आमच्या घरापर्यंत ऐकू आली, असं आई सांगते.

मी हैदराबादहून पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. जिथं जिथं त्यांनी मुलांना खोल्या मिळवून दिल्या होत्या तिथून तिथून माणसं आली होती. पुण्याहून प्रतीक्षा आली होती. येरमाळ्याहून आलेले बप्पा एका बाजूला भिंतीशी उभे होते, टोपी हातात. लातूरचे गुरुजी आता फार थकलेत, पण त्यांनी मुलाला पाठवलं होतं. आणि चूल सेल्वीनं पेटवली होती. ओली बाळंतीण ती. आई तिला "उठू नगंस" म्हणून दटावत होती, तर ती "आत्याचं घर उपाशी न्हाय ठेवायचं" असं आत्यांच्याच बोलीत म्हणत रडत होती आणि भात वाढत होती. त्या दिवशी सगळ्यांनी तिच्या हातचा सांबारभात खाल्ला. बप्पांनी दोनदा मागून घेतला.

पुढं भंतेजींची वंदना होऊन पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मिलिंददादा अंगणात बसले. घराचं काय करायचं, हा विषय कुणीतरी काढला. विकून टाका, कुलूप लावा, जो तो सांगू लागला. सेल्वीचा नवरा पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "सर, हम खाली करेगा. एक महीना दो." मिलिंददादांनी त्याच्याकडे पाहिलं. आत खोलीत पोर रडत होती. ते म्हणाले, "खाली कशाला? राहा. आणि आईचं हे घर पण उघडं ठेवा. रोज झाडा, खिडक्या उघडा." सगळ्या घराचा ताबा असा एका वाक्यात भाडेकरूकडे गेला. भाऊबंदांपैकी दोघाचौघांना ते रुचलं नाही. मिलिंददादांनी ऐकून घेतलं, पण बदललं काही नाही.

परवा सुट्टीला जळकोटला गेले होते. संध्याकाळी सवयीनं पाय आत्यांच्या घराकडे वळले. लहानपणापासून त्या दारातून मी कधी विचारून आत गेले नव्हते. त्या दिवशी पायरीशीच थबकले. आत दिवा लागला होता. अंगणात लंगोट वाळत होते आणि सेल्वीची मुलगी ओसरीवर रांगत होती. सेल्वी बाहेर आली, पदराला हात पुसत. "या की ताई, बाहेर का उभ्या? कवा आलात? आता जेवूनच जायचं, ऐकणार न्हाय म्या."

मी आत गेले. त्या घरात आयुष्यात पहिल्यांदाच मी पाहुणी होते, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. पोर माझ्या पायाशी येऊन पोचली होती. मी तिला उचलून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या सेल्वीला ओरडून सांगितलं, "जेवते. पण तिखट जरा बेतानं घाल."